सिंक तुंबलं तर: पुडी ओतण्याआधी जागा शोधा

नळजोड

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की घराघरांत नारळ फुटू लागतात, भांड्यांचे ढीग पडतात, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि नेमकं त्याच आठवड्यात सिंकमधलं पाणी उतरेनासं होतं. प्लंबर त्या दिवसांत हाताला लागत नाही. बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. घरच्या घरी सिंक मोकळं करायची नीट माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. या कामातलं ज्यांना कळतं त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सिंक तुंबलं की हात आधी कास्टिक सोड्याच्या पुडीकडे जातो. तो आवरा. तुंबलंय कुठे हे कळल्याशिवाय काहीही ओतायचं नाही. पाणी अडण्याच्या जागा चारच: जाळी आणि तिच्याखालचं कपलिंग (सिंकच्या भोकात बसवलेला जोड), मग ट्रॅप (सिंकखालचा, थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग), मग ट्रॅपपासून भिंतीतून बाहेरच्या चेंबरपर्यंत (सांडपाण्याच्या झाकण असलेल्या हौदापर्यंत) जाणारा पाइप, आणि शेवटी चेंबरच्या पलीकडचा भाग. पणजी, मडगाव, वास्को अशा शहरांतली मलवाहिनीला जोडलेली घरं सोडली तर हा पलीकडचा भाग म्हणजे बहुतेक ठिकाणी शोषखड्डाच.

जागा शोधायची ती अशी. सिंक काठोकाठ भरलं असेल तर तांब्याने उपसून अर्ध्यावर आणा. बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून एकाने तिथे उभं राहायचं, दुसऱ्याने आत सिंकमध्ये दोन-तीन तांबे पाणी ओतायचं. चेंबरमध्ये थेंबही आला नाही, तर अडथळा घरात आहे. बारीक धार आली, तर पाइप आतून चिकटून अरुंद झालाय. आणि चेंबरच तोंडापर्यंत भरलेलं दिसलं, तर सिंकखाली कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, अडचण पुढे आहे.

घरात आहे असं कळलं की ट्रॅप सोडवा. खाली घमेलं ठेवून सिंकमधून पाणी सोडा. ते घमेल्यात धो धो पडलं तर कपलिंग साफ आहे. मग भिंतीतल्या पाइपच्या तोंडात तांब्याने हळूहळू पाणी ओता. त्याने घेतलं तर दोष ट्रॅपचा, परत आलं तर पाइपचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण यातून पुढचे दोन तास वाचतात.

कोकमसोल

चांगला धागा. गोव्यातल्या सिंकमध्ये नेमकं काय अडकतं ते सांगतो, कारण इंटरनेटवरच्या सूचना परदेशातल्या स्वयंपाकघरांसाठी असतात.

मुख्य दोषी नारळ. किसलेल्या चवाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, आणि वाटणातून सुटणारं तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा विशीपर्यंत उतरतो, तेव्हा पाइपमधलं तेल तूप थिजतं तसं भिंतीला धरतं. फ्रीजमधलं उरलेलं हुमण (नारळ घातलेली माशांची आमटी) तसंच थंड सिंकमध्ये ओतलं तर कुठल्याही महिन्यात हेच होतं. दुसरी पेज. उकड्या तांदळाची पेज गरम असताना पातळ वाहते, ट्रॅपमध्ये थंड झाली की खळीसारखी घट्ट बसते. तिसरी मासळी. चोणकाचे खवले चपटे आणि मोठे असतात, पाइपच्या तेलकट भिंतीला लागले की सुटत नाहीत. तिसऱ्या (शिंपल्या) धुतलेल्या पाण्यातली रेती थेट ट्रॅपच्या तळाला जाते. शिनाण्यांचे (हाही शिंपल्यांचाच प्रकार) दोरे नारळाच्या काथ्याबरोबर गुंततात.

बॉटल ट्रॅपचा (बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपचा) खालचा कप उघडून आडवा न करता नीट पाहिलात तर हे सगळं थराथराने दिसतं. वरच्या कडेला पांढरट, बोटाला मेणचट लागणारं कडं. त्याखाली करड्या रंगाचा, वास मारणारा लगदा, ज्यात चवाचे कण अजून ओळखू येतात. आणि तळाला दोन बोटं रेती, शिंपल्यांचे तुकडे, एखादा खवला. या तीन थरांना तीन वेगळे उपाय लागतात. वरचा गरम पाण्याने आणि साबणाने सुटतो, मधला हलवल्याने, तळाचा फक्त हाताने काढल्यावर. रेतीवर जगातलं कुठलंही रसायन चालत नाही.

व्हाळ

कप उघडताना नट हलतच नाही, हा पहिला अडथळा. पाइप रेंच लावायचा का?

नळजोड

नाही. प्लास्टिकच्या नटाला रेंच लावला की तो तडकतो, आणि क्रोमवाल्या पितळी ट्रॅपचा आकार चेपला की वायसर (जोडातली रबरी चकती) परत बसत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा रबरी हातमोजा नटाभोवती धरा आणि दोन्ही हातांनी पिळा. तरीही अडला तर नटावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाच मिनिटं गुंडाळून ठेवा, वाळलेला साबण मऊ पडतो.

दिशा नीट लक्षात घ्या. खालून कपाकडे बघत असाल तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचं. वरून हात घालून फिरवत असाल तर तीच दिशा काट्यांप्रमाणे वाटते. पुष्कळांचा नट न सुटण्याचं खरं कारण हे असतं की ते तो आवळत असतात.

पूर्ण क्रम असा:

१. सिंकखालचं कपाट रिकामं करा. बादली सहसा मावत नाही, घमेलं किंवा पसरट टब ठेवा. हातमोजे घाला.

२. आधी सिंकमधलं पाणी उपसा. भरलेल्या सिंकखाली कप उघडला तर सगळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं.

३. कप सोडवा, आतलं जुन्या वर्तमानपत्रावर काढा, टूथब्रशने आटे आणि आतली नळी घासा. बॉटल ट्रॅपमध्ये वरून उतरणारी आतली नळी बहुतेक लोक विसरतात, तिच्यातच खोबऱ्याचा बोळा असतो.

४. कप त्याच सिंकच्या नळाखाली धुवायला जाऊ नका, खाली ट्रॅप नाहीये. बाहेर न्या.

५. वायसर पाहा. चपटा झालाय, भेगाळलाय किंवा ताठ झालाय तर बदला. शंकूच्या आकाराचा वायसर असेल तर त्याची निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडात आणि सपाट बाजू नटाकडे. उलटा बसवला की नट कितीही आवळा, थेंब गळतोच.

६. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या जोडात पाणी वायसर अडवतो, आटे नव्हे. टेपमुळे नट तिरका बसतो.

७. हाताने घट्ट, त्यानंतर पाव वळसा. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू कागद फिरवा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदावर लगेच कळते.

बिंबल

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हा उपाय सगळीकडे दिलेला असतो. त्याबद्दल इथे कुणी लिहिलं नाही. थोडं तुंबलेलं असताना तरी करून बघायला काय हरकत?

खाजन

हरकत नाही, पण उपयोगही नाही. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायॉक्साइड सुटतो, फेस वर येतो आणि मोकळ्या सिंकमधून उडून जातो. दाब पाइपच्या दिशेने जातच नाही. मागे उरतं ते सोडियम असिटेट मिसळलेलं पाणी, म्हणजे एका प्रकारचं खारट पाणी. तेलाला ते काही करत नाही. पाणी उतरलंच तर ते नंतर ओतलेल्या गरम पाण्यामुळे.

सोडाच वापरायचा तर धुण्याचा सोडा घ्या. तो वेगळा पदार्थ आहे, खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच जास्त अल्कली. २ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम पूर्ण विरघळवून हळूहळू ओता, २० मिनिटं थांबा, मग ५ लिटर गरम पाणी. पाणी हळूहळू का होईना, उतरत असेल तरच. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात विरघळवू नका, पातेलं काळं पडतं.

कोकमसोल

गरम पाण्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. उकळतं पाणी थेट ओतू नका. पीव्हीसी ७५–८० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. रिंग रिंग असलेला पांढरा लवचीक पाइप तर आकसतो, आणि कपलिंगजवळचा रबर कायमचा सैल होतो. एक भाग उकळतं आणि एक भाग नळाचं पाणी मिसळलं की आपल्याकडे ६० अंशांच्या थोडं वर जातं, त्यात आणखी एक तांब्या गार पाणी घातलं की पुरे. खोबऱ्याचं तेल वितळायला याहून जास्त तापमान लागतच नाही.

त्याआधी भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन मोठे चमचे कपलिंगमध्ये सोडा, १० मिनिटं राहू द्या, मग ते गरम पाणी एकाच वेळी, थांबत थांबत नव्हे. ५ लिटरवर थांबू नका. वितळलेलं तेल दोन मीटर पुढे जाऊन तिथे परत गोठायला नको, म्हणून लगेच नळ पाच मिनिटं पूर्ण सोडून ठेवा.

पाटो

प्लंजर कसा मारायचा ते कुणीतरी नीट लिहा. बाजारात मिळणारा लहान लाल रबराचा घेतला तरी चालतो का? दोन भांड्यांचं सिंक आहे.

नळजोड

लहानच घ्या, पण सपाट तोंडाचा. आतून बाहेर आलेली गळ्यासारखी कड असलेला असतो तो संडासासाठी, सिंकच्या सपाट तळाला तो नीट बसत नाही.

सिंकमध्ये ३ इंच पाणी हवं, रबर बुडालं पाहिजे. कोरड्यात मारला तर फक्त हवा दबते. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचं तोंड ओल्या जाड फडक्याने दाबून धरायला दुसरा माणूस लागतोच; नाहीतर एकीकडे दाबलं की दुसरीकडून कारंजं उडतं. वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं छिद्र असेल तर तेही बंद करा. वॉशिंग मशीनचा किंवा आरओचा पाइप त्याच ट्रॅपला जोडलेला असेल तर तो चिमट्याने आवळून ठेवा.

रबराच्या कडेला थोडं व्हॅसलिन लावा. पहिली दाब हळू, आतली हवा निघून जाऊ द्या. मग रबर तळापासून न सुटू देता १५–२० वेळा वर-खाली. सगळा जोर खाली दाबण्यात घालवू नका. बोळा सुटतो तो मागे-पुढे हलल्याने, त्यामुळे वर ओढणं तितकंच महत्त्वाचं. शेवटचा ओढा झटक्याने.

आणि हे आधी पाहा: पुष्कळ घरांत लवचीक पाइपचं खालचं टोक भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपमध्ये नुसतं खुपसलेलं असतं. प्लंजर मारला की ते टोक उडून बाहेर येतं आणि घाण पाणी कपाटभर होतं. टोकाभोवती फडकं घट्ट बांधा किंवा कुणाला तरी धरून ठेवायला सांगा.

चुडत

ट्रॅप साफ, कपलिंग साफ, तरी भिंतीतला पाइप पाणी घेत नाही, अशा वेळी पाइप साफ करायची लांब, हँडलवाली स्प्रिंग. ४० मिमीच्या पाइपसाठी ६ मिमी जाड आणि ५ मीटर लांब स्प्रिंग पुरते. बॉटल ट्रॅपमधून ती जात नाही, म्हणून ट्रॅप काढून सरळ भिंतीच्या तोंडातून घाला. हँडल एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवत राहा. उलटं फिरवलं की स्प्रिंगचे वेढे उलगडतात आणि ती आत अडकून बसते. कोपर लागला की जोर न लावता फिरवत फिरवत पुढे सरकवा. मऊ अडथळा लागला की तो पुढे ढकलू नका. आत फिरवून थोडं गुंतवा, बाहेर ओढा, पुसा, परत घाला. केसांसाठी मिळणारी दातेरी प्लास्टिकची पट्टी स्वयंपाकघरात कामाची नाही, तेलाच्या थरातून ती नुसती सरकते.

स्वतंत्र घर असेल तर याहून चांगला मार्ग बाहेरून आहे. कुळागराला (पोफळीच्या बागेला) पाणी द्यायची काळी अर्ध्या इंचाची पाइप हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ६ मीटर घ्या, टोक तिरकं कापा, दुसरं टोक बागेच्या नळाला क्लिपने आवळा. चेंबरच्या बाजूने, म्हणजे पाणी जिथे पडतं त्या तोंडातून, ही पाइप उलट वर सरकवा. अडली की नळ सोडा. पाणी तेलाचा थर चेंबरकडे धुऊन आणतं, घराकडे ढकलत नाही. पाइप मागे-पुढे करत दर वेळी हातभर पुढे जा. आत सिंकखाली ट्रॅप काढून तोंड फडक्याने बंद केलेलं असावं, नाहीतर पाणी कपाटात येईल. ही पाइप कडक पण गुळगुळीत असल्याने कोपरातून वळते. बांबूची कांब वापरायची सवय सोडा, तिचं टोक मोडून आत राहिलं तर भिंत फोडावी लागते.

घासलेलं सगळं चेंबरमध्ये येतं ते तिथेच काढून घ्या. पुढे जाऊ दिलं तर शोषखड्ड्याच्या दगडांवर चिकटतं.

बिंबल

म्हणजे कास्टिक सोड्याची पुडी कधीच वापरायची नाही का? दुकानात तर तीच आधी देतात.

खाजन

वापरायची, पण पाणी उतरत असताना. पूर्ण तुंबलेल्या सिंकमध्ये कधीच नाही. कारण कास्टिक अडथळ्यापर्यंत पोचत नाही, वरच्या पाण्यातच बसतो, आणि मग ट्रॅप उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. तुम्ही स्वतः उघडा की दुसऱ्याला बोलवा, आधी काय ओतलंय ते सांगायलाच हवं.

कास्टिक तेलाचा साबण करतो, हेच त्याचं काम. पण तो साबण वाहून नेण्याइतकं पाणी पाठीमागून गेलं नाही तर तो तिथेच घट्ट बसतो आणि पूर्वीपेक्षा जास्त हट्टी अडथळा तयार होतो. म्हणून पुडीवरच्या मापाबाहेर जायचं नाही, दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि नंतर भरपूर पाणी. रात्रभर ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय.

बादलीत द्रावण करायचं तर प्लास्टिकची बादली, आधी गार पाणी, त्यात थोडा थोडा सोडा. सोड्यावर पाणी ओतलं की ते उसळून अंगावर येतं, कारण विरघळताना तो प्रचंड तापतो. ॲल्युमिनियमचं भांडं अजिबात नको, हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, तोंड सिंकवर वाकवायचं नाही. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान १५–२० मिनिटं धरा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. डोळ्यात गेलं तर धुता धुताच दवाखान्यात जायची तयारी करा.

ॲसिडबद्दलही लिहितो. संडास साफ करायची बाटली काही जण सिंकमध्ये ओततात. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल तेलावर काम करत नाही, स्टीलच्या सिंकवर मात्र डाग आणि खड्डे पाडतं, क्रोम उडवतं. आधी कास्टिक ओतलेलं असेल तर दोन्ही मिळून उकळी फुटते. आधी ब्लीचिंग असेल तर क्लोरीन सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जीवघेणा ठरू शकतो. एका दिवसात एकच रसायन, हा नियम मोडू नका.

पाटो

प्लंजरने आत मोकळं झालं, पण एक गोष्ट कळत नाही. फ्लॅट तळमजल्याचा. नळ बंद असतानाही अधूनमधून सिंकमध्ये घाण पाणी आपोआप वर येतं, सोबत गुडगुड आवाज.

नळजोड

हे तुमचं सिंक नाही, इमारतीचा उभा पाइप खाली तुंबलाय. वरच्या मजल्यावर कुणी भांडी घासली की त्यांचं पाणी खाली जागा न मिळाल्याने सर्वांत खालच्या सिंकमधून वर येतं. खात्री करायची तर वरच्या घरात बादलीभर पाणी सोडायला सांगा आणि आपल्या सिंककडे पाहा.

आता प्लंजर मारू नका. तुमच्या दाबाने वरच्यांच्या ट्रॅपमधलं पाणी उडेल. कास्टिक तर मुळीच नको. सोसायटीला कळवा आणि उभ्या पाइपच्या पायथ्याशी डोअर बेंड (झाकण असलेला कोपर) कुठे आहे ते शोधा. चार स्क्रूंचं छोटं झाकण असतं. ते उघडण्याआधी सगळ्या मजल्यांना पाणी न सोडायची सूचना द्या, झाकण आधी खालच्या बाजूने थोडंसं सैल करून साठलेलं पाणी गळू द्या, मग पूर्ण काढा. स्प्रिंग तिथूनच खाली चेंबरच्या दिशेने. झाकणाचा रबर परत बसवताना स्वच्छ पुसा.

तोपर्यंत तळमजल्याच्या घराने सिंकचं तोंड रबरी बुचाने बंद करून त्यावर वजन ठेवावं.

नुसती गुडगुड येत असेल आणि पाणी वर येत नसेल, तर बघायचं ते वेंट पाइपचं (हवा खेळती ठेवणाऱ्या उभ्या पाइपचं) वरचं तोंड. गच्चीवर पक्ष्यांनी घरटं केलेलं किंवा कुणी टोपी घट्ट बसवलेली असते. हवा मिळाली नाही की वाहतं पाणी ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं, आणि मग गटाराचा वास आणि झुरळं आत येतात.

चुडत

पावसाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण जून ते सप्टेंबर निम्म्या तक्रारींत सिंकमध्ये बिघाडच नसतो, असं म्हटलं तरी चालेल. नदीकाठी आणि खाजनांच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांच्या) शेजारच्या सखल गावांत जमिनीतलं पाणी दोन-तीन हातांवर येतं. शोषखड्डा बाहेरूनच भरतो, मग घरातलं पाणी घेणार कुठून? टेकडीवरच्या चिऱ्याच्या जमिनीत हा त्रास कमी, पण सलग मुसळधार पडल्यावर तिथेही होतो.

ओळखायची खूण: सिंक, न्हाणी, बेसिन सगळं एकदमच मंदावतं, चेंबर भरलेलं दिसतं आणि पाऊस एक-दोन दिवस थांबला की आपोआप सुधारतं. प्लंजर, पुडी, स्प्रिंग यांपैकी कशाचाही इथे उपयोग नाही. करायचं ते इतकंच: छपराचं पावळीचं पाणी चेंबर आणि खड्ड्यापासून लांब वळवा, चेंबरच्या झाकणाच्या कडा सिमेंटने बंद करा म्हणजे अंगणातलं पाणी आत शिरणार नाही, मशीनचे कपडे दोन दिवस मागे ढकला.

ऐन पावसात टँकर बोलावून सेप्टिक टँक पूर्ण रिकामा करून घेऊ नका. प्लास्टिकचा हलका टँक रिकामा झाला की भोवतालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलला जातो आणि जोड तुटतात. उपसायचा तर एप्रिल-मे. आणि काहीही झालं तरी माणूस आत उतरवायचा नाही, झाकणातून डोकं घालूनही बघायचं नाही. आतला वायू दोन श्वासांत माणसाला पाडतो. संरक्षक साधनं न देता असं काम माणसाला आत उतरवून करून घेणं हा २०१३च्या कायद्याने गुन्हाही आहे.

व्हाळ

आमच्या गावात सिंकचं पाणी पूर्वीपासून माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं. साफ केल्यावर चार महिन्यांत परत तुंबतं. ट्रॅपमध्ये काही नसतं.

चुडत

मग मुळं बघा. माडाला सोटमूळ नसतं, दोरीसारखी असंख्य मुळं असतात आणि ती ओलाव्याकडे जातात. पाइपच्या सैल जोडातून एक तांबूस मूळ शिरलं की आत त्याला बारीक फाटे फुटतात आणि खोबऱ्याचा प्रत्येक कण त्यात अडतो. जुन्या घरांतल्या चिनीमातीच्या पाइपांच्या सिमेंट जोडांत हे हमखास. पाइपच्या शेवटच्या तोंडात टॉर्च मारा, तांबूस तंतू दिसतील.

मुळं कापून चार-सहा महिने मिळतात, एवढंच. मोरचूद ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, माती आणि माड दोन्हींचं नुकसान. तेवढा पाइप उकरून सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेला ७५ मिमी पीव्हीसी टाका, शेवटचं तोंड आळ्याच्या वर उघड्यावर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. पाणी मोकळ्या हवेत पडलं की मूळ पाइपमध्ये चढत नाही. आणि तोंडापाशी एक छोटं चेंबर बांधा, ज्यात चव आणि रेती खाली बसेल. दर पंधरा दिवसांनी फावड्याने काढायचं. ते माडालाच घाला.

कोकमसोल

नवीन बसवत असाल तर लवचीक रिंगवाला पाइप टाळा. त्याच्या प्रत्येक खाचेत तेल बसतं आणि तो लोंबकळून स्वतःच दोन-तीन ट्रॅप तयार करतो. नाइलाज असेल तर हवा तेवढाच ताणा, जास्तीचा कापून टाका, फक्त एक वळण ठेवा.

स्वयंपाकघरासाठी बॉटल ट्रॅपपेक्षा ४० मिमीचा पी ट्रॅप (नुसता वळवलेला पाइप) कधीही चांगला, आत पाणी ५० मिमी उभं राहील असा. ३२ मिमी हा बेसिनचा आकार, सिंकला लावू नका, दुकानदार तोच हातात ठेवतो. उतार मीटरला अडीच सेंटिमीटर. त्याहून कमी दिला तर रेती मागे राहते. ९० अंशांच्या एका कोपराऐवजी ४५चे दोन. आणि पाइप भिंतीत शिरण्याआधी एक डोअर टी (झाकण असलेला टी आकाराचा जोड) बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी स्प्रिंग घालायला काही सोडवावं लागणार नाही.

जाळी स्टीलची, २ मिमी भोकांची. चव पिळलेला चोथा, पेजेचा तळ आणि तव्यावरचं तेल सिंकमध्ये जाऊच द्यायचं नाही. तवा आधी कागदाने पुसायचा. मासळी बाहेरच्या दगडावर साफ करायची. तिसऱ्या बादलीत धुवायच्या आणि ते पाणी झाडाला.

पाटो

डोअर बेंड सापडला, पार्किंगच्या खांबामागे रंगाखाली दडलेला होता. स्क्रू गंजलेत.

नळजोड

वंगणाचा फवारा मारून अर्धा तास थांबा, मग स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या डोक्यावर ठेवून हातोडीने दोन हलके ठोके द्या आणि फिरवा. डोकं झिजायला लागलं तर थांबा, जोर करू नका. पीव्हीसीचं तोंड फुटलं तर अख्खा बेंड बदलावा लागेल. परत बसवताना स्टेनलेसचे नवीन स्क्रू लावा, खारी हवा आहे आपल्याकडे.